रांग कोणी आखली?

न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये जेवणं आटोपली आणि विषय इमिग्रेशनकडे वळला, की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आपण रांगेत उभं राहून आलो, ते घुसले.’ बोलणारा माणूस वाईट नसतो. बहुतेकदा तो खरंच सोसून आलेला असतो. व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे शिक्क्यासाठी, मुंबईला गेल्यावर पासपोर्ट अडकून पडणं, नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा गाशा गुंडाळायचा ही टांगती तलवार, आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला तरी ‘आत्ता निघालो तर परत येता येईल ना’ हा विचार आधी मनात येणं. इतकं सगळं भोगलेल्याला कुणी कागदांशिवाय आलं हे ऐकून राग येतो. तो राग मला समजतो. मी स्वतः एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आले आणि पदवी, अनुभव सगळं गाठीशी असताना कितीतरी वर्षं नोकरी करायची परवानगी नाही म्हणून घरी बसले.

पण ते वाक्य इतक्यांदा ऐकलं की या देशाचा इतिहास मुळातून वाचावासा वाटला. वाचत गेले तसतसं दिसू लागलं की ही रांग फार जुनी नाही. ती वेळोवेळी कुणीतरी आखली, पुसली, पुन्हा वेगळी आखली. आणि दर वेळी ती आखताना कुणाला बाहेर ठेवायचं ते आधी ठरलेलं होतं.

इथले गोरे सहकारीही तेच म्हणतात. ‘माझे पणजोबा इटलीहून रीतसर आले.’ आले खरे. पण रीत काय होती? न्यूयॉर्कच्या बंदरातलं एलिस आयलंड १८९२मध्ये सुरू झालं आणि १९५४मध्ये बंद. तेवढ्या काळात सुमारे १ कोटी २० लाख माणसं तिथून आत आली. बोटीतून उतरलं की सामान सांभाळत जिना चढून वरच्या मोठ्या दालनात जायचं. जिना चढतानाच डॉक्टर नजर ठेवून असत: कुणाला धाप लागते, कोण पाय ओढतो. संशय आला की कोटावर खडूने एक अक्षर लिहीत. हृदयासाठी एक, डोळ्यांसाठी दुसरं, लंगडण्यासाठी तिसरं. पापणी उलटी करून खुपऱ्या आहेत का ते बघत. मग कारकुनासमोर नाव, गाव, धंदा, खिशात पैसे किती, कुणाकडे जाणार. बहुतेकांचं काम काही तासांत उरकायचं. शंभरातले साधारण दोन परत पाठवले जात. बोटीवर चढण्याआधी वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहणं हा प्रकार त्या पणजोबांना ठाऊकच नव्हता. मोडता येईल असा कायदाच त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही, म्हणून ते रीतसर आले.

म्हणजे त्या काळी सगळ्यांचं स्वागत होत होतं असंही नाही. बेंजामिन फ्रँकलिनसारखा शहाणा माणूस १७५१मध्ये लिहून गेला, की हे जर्मन पेन्सिल्व्हेनियात असेच थवे करून राहिले तर ते आपल्यासारखे व्हायचे सोडून आपल्यालाच जर्मन करतील. पुढे दुष्काळातून जीव वाचवून आलेल्या कॅथलिक आयरिश लोकांविरुद्ध १८५०च्या दशकात एक अख्खा राजकीय पक्ष उभा राहिला. १८९१मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना ठार मारलं. आज हे सगळे ‘मूळचे अमेरिकन’. तरीही त्यांच्यासाठी दार बंद झालं नव्हतं. कायद्याने दार पहिल्यांदा बंद झालं ते चिनी माणसांसाठी. ज्यांनी सिएरा नेवाडाच्या डोंगरातून रेल्वेचे बोगदे खणले, त्याच चिनी मजुरांना १८८२च्या कायद्याने बंदी घातली आणि दहा वर्षांनी, आधीपासून इथे राहणाऱ्या चिन्यांना रहिवासाचा दाखला जवळ बाळगण्याची सक्ती केली. कागद दाखव नाहीतर चालता हो, हा प्रकार या देशात तिथून सुरू होतो.

त्या बंदीनंतर वर्षभराने, जून १८८३मध्ये, कल्याणला जन्मलेली एक अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कला उतरली. आनंदीबाई जोशी. कलकत्त्याहून बोटीने, नवरा बरोबर नाही, नऊवारी नेसून. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी ती राहिली. माझ्या घरापासून ते गाव गाडीने अर्ध्या तासावर आहे. तिची जिद्द, तिचा खोकला, १८८६ची एमडीची पदवी, दुसऱ्याच वर्षी पुण्यात आलेलं मरण, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पण आत येण्यासाठी तिला व्हिसा लागला नव्हता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. तिच्यासारखे तुरळक लोक येत होते तोवर हिंदुस्थानी माणसाची भीती वाटावी असं काही नव्हतं. पंजाबातले शेतकरी शेकड्यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या लाकडाच्या गिरण्यांत कामाला लागले तेव्हा चित्र पालटलं. ४ सप्टेंबर १९०७ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने त्यांना झोपायच्या जागांवरून ओढून बाहेर काढलं आणि मारहाण करून गावातून हुसकून लावलं. १९१७मध्ये आशियाचा मोठा पट्टा नकाशावर आखून तिथल्या लोकांना बंदी करणारा कायदा आला. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता.

आता ज्या माणसामुळे हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येते. सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, १८७५चा, पण नाव थेट आपल्या पेठांमधलं. ते अमेरिकेत आले, १९१४मध्ये न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिलं, कॅलिफोर्नियात त्यांनी वकिलीची सनद मिळवली, एका अमेरिकन स्त्रीशी लग्न केलं. तेव्हाचा नागरिकत्वाचा कायदा १७९०पासून चालत आलेला होता: नागरिक व्हायचं तर ‘स्वतंत्र गोरी व्यक्ती’ असावं लागे. यादवी युद्धानंतर, १८७०मध्ये, आफ्रिकन वंशाच्या लोकांचाही त्यात समावेश झाला. मधले सगळे अधांतरी. हिंदुस्थानी माणूस गोरा की नाही, यावर प्रत्येक न्यायाधीशाचं मत वेगळं.

मग भगतसिंग थिंद यांचा खटला उभा राहिला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला, पगडी बांधणारा शीख तरुण. १९ फेब्रुवारी १९२३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मानववंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, तुम्ही नाही. थिंद यांची बाजू मांडणाऱ्यांत पंडित होते. त्यातला एक भाग वाचताना मला फार त्रास झाला. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद असा होता, की हा उच्चवर्णीय आर्य आहे आणि गोरा अमेरिकन निग्रोशी रोटीबेटी व्यवहार करत नाही तसा हाही खालच्यांशी करत नाही. बरोबर पन्नास वर्षं आधी, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात बसून आपला ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता. आपले लोकही शूद्रातिशूद्रांच्या बाबतीत त्यांचा कित्ता घेतील अशी आशा धरून. आणि इथे आपली माणसं दार उघडावं म्हणून जातीचा दाखला पुढे करत होती. दार तरीही उघडलं नाहीच.

निकालानंतर सरकारने मागे जाऊन, ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालेलं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात केली. पन्नासच्या आसपास लोक त्यात सापडले. सॅन फ्रान्सिस्कोतले वैष्णोदास बगाई त्यांपैकी एक. पेशावरहून १९१५मध्ये बायको कला आणि तीन मुलांना घेऊन आले होते. दुकान टाकलं, १९२१मध्ये नागरिक झाले, ब्रिटिश प्रजाजन राहायचं नाही म्हणून हौसेने झाले. नागरिकत्व गेलं तसा मालमत्तेवरचा हक्क धोक्यात आला. हिंदुस्थानात जाऊन यायला अमेरिकन पासपोर्ट मिळेना; ब्रिटिश पासपोर्ट घ्यायला त्यांचं मन धजेना. १९२८मध्ये त्यांनी गॅस सोडून जीव दिला. मागे ठेवलेल्या पत्रात लिहिलं होतं, की इकडे अडथळे, तिकडे नाकेबंदी आणि मागचे पूल जळालेले. कलाबाईंनी मुलं वाढवली. बर्कलीत घर घेतल्यावर शेजाऱ्यांनी ज्यांना त्या घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं, त्या कलाबाईंच्या नावाचा रस्ता आता त्याच शहरात आहे.

पंडितांवरही नोटीस आली. या वेळी त्यांनी वंशाचा वाद घातलाच नाही. त्यांचं म्हणणं असं: १९१४मध्ये मी काहीही लपवलं नाही. तुमच्या न्यायालयाने माझं सगळं ऐकून मला नागरिक केलं. त्या शब्दावर विसंबून मी माझं सगळं इथे मांडलं. हिंदुस्थानातल्या वारशावर पाणी सोडलं, सनद घेतली, संसार थाटला. आज नागरिकत्व काढून घेतलंत तर माझी वकिली जाईल आणि इथे जन्मलेली माझी बायकोही केवळ माझ्याशी लग्न केलं म्हणून परकी ठरेल. हे शेवटचं खरंच होतं. तेव्हाच्या नियमांनी, नागरिकत्वाला अपात्र असलेल्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचं नागरिकत्व जाई. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नीचं तसं गेलंही. खालच्या न्यायालयाने पंडितांचं म्हणणं मान्य केलं. १९२६मध्ये अपील न्यायालयाने, एकदा न्यायालयात निवाडा झालेली गोष्ट सरकारला अशी पुन्हा उकरता येणार नाही, असं सांगून तो निकाल कायम केला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला आणि सरकारने उरलेले खटले सोडून दिले. बगाईंपर्यंत हे पोचायला उशीर झाला.

पंडितांचा हा युक्तिवाद माझ्या डोक्यातून जात नाही. माणूस कुठून आला, कोणत्या रक्ताचा, हे बाजूला ठेवा. तुम्ही त्याला राहू दिलंत, त्याने त्या भरवशावर आयुष्य उभं केलं, आता तुम्हाला मागे फिरता येणार नाही. पुढचं सगळं मी याच नजरेने वाचते.

१९२४च्या मे महिन्यात अध्यक्ष कूलिज यांनी एका कायद्यावर सही केली. प्रत्येक देशाचा कोटा ठरला: १८९०च्या जनगणनेत त्या देशाचे जितके लोक अमेरिकेत होते त्याच्या दोन टक्के. १९२४मध्ये चौतीस वर्षं जुनी जनगणना का घ्यावी? कारण इटालियन, पोलिश आणि पूर्व युरोपातले ज्यू मोठ्या संख्येने आले ते १८९० नंतर. आकडेमोड अशी बेतली की ज्यांना नको म्हणायचं होतं त्यांचं नावही घ्यावं लागलं नाही. आशियाला तर काहीच नाही. १९३९मध्ये ‘सेंट लुईस’ बोटीवरचे नऊशेहून अधिक ज्यू निर्वासित फ्लोरिडाचे दिवे दिसतील इतक्या जवळ येऊन परत गेले, ते याच कोट्यांच्या काळात. आणि त्या सहीनंतर बरोबर सात दिवसांनी, २ जून १९२४ला, त्याच कूलिज यांनी आणखी एका कायद्यावर सही केली, ज्याने या भूमीच्या मूळ रहिवाशांना सरसकट अमेरिकन नागरिकत्व मिळालं. हजारो वर्षं इथे असलेल्यांना नागरिक व्हायला १९२४ उजाडावं लागलं. हा देश सगळा बाहेरून आलेल्यांचा आहे असं आपण म्हणतो तेव्हा ते सुटतात, आणि साखळदंडात आणलेल्या आफ्रिकनांनाही कुणी ‘आलेले’ म्हणू नये. मी राहते ती जमीन लेनापे लोकांची होती. त्यांना पार ओक्लाहोमापर्यंत ढकललं.

१९२४च्या त्या कोट्याविरुद्ध संसदेत ब्रुकलिनचा एक नवखा प्रतिनिधी तळमळून बोलला होता, इमॅन्युएल सेलर. हरला. हटला नाही. १९४६मध्ये त्याच्या आणि सहकारी प्रतिनिधी क्लेअर बूथ लूस यांच्या नावाच्या कायद्याने हिंदी लोकांना नागरिक व्हायचा हक्क आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा मिळाला. आणि १९६५मध्ये, पहिल्या भाषणानंतर एकेचाळीस वर्षांनी, देशांच्या कोट्यांची ती पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर पुन्हा त्याचंच नाव होतं. ऑगस्टमध्ये काळ्या लोकांच्या मतदानहक्काचा कायदा, ऑक्टोबरमध्ये हा. ही जवळीक योगायोगाची नव्हती. वंशावरून मताधिकार नाकारणं चूक असेल तर वंशावरून दार लावणंही चूक, हे एकाच श्वासात पटलं होतं. अलाबामात पोलिसांच्या लाठ्या खाणाऱ्यांनी आपल्यासाठी दार उघडलं, हे मी आमच्या मुलांना वेळोवेळी सांगते.

त्या कायद्यात एक गंमतशीर घडामोड आहे. ओहायोचे मायकेल फाइगन प्रतिनिधिगृहाच्या इमिग्रेशन उपसमितीचे प्रमुख होते. त्यांनी आग्रह धरला, की जवळजवळ तीन चतुर्थांश जागा इथल्या लोकांच्या नातेवाइकांना द्या. हिशेब सरळ होता: इथले लोक बहुतेक युरोपीय, म्हणजे नातेवाईकही युरोपीयच येतील. अध्यक्ष जॉन्सन यांनीही स्वातंत्र्यदेवीच्या पायथ्याशी सही करताना सांगितलं, की हा काही क्रांतिकारक कायदा नाही. पण युरोपात तोवर बरे दिवस आले होते. तिथून कोण येणार? आले ते आपण. आधी खिशात आठ डॉलर घेऊन मुंबई-पुण्याच्या मेडिकल कॉलेजांतले डॉक्टर, पवईचे इंजिनिअर, मग त्यांच्या बायका, भाऊ, वहिन्या. १९६९मध्ये शिकागोत महाराष्ट्र मंडळ निघालं, १९८१मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण १८९०मध्ये १४.८ टक्के होतं, १९७०मध्ये ४.७ टक्क्यांवर उतरलं आणि आता पुन्हा त्या जुन्या उंचीवर पोचलं आहे. दोन्ही वेळी या उंचीवर आल्यावर देश बिथरला, हेही नोंदवलं पाहिजे.

पण याच १९६५च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली आणि ‘ते घुसले’ म्हणणाऱ्यांना ती बहुधा माहीत नसते. दुसऱ्या महायुद्धापासून मेक्सिकोचे मजूर सरकारी करारांवर शेतीच्या हंगामाला येत आणि परत जात. १९४२ ते १९६४ या काळात असे ४६ लाखांच्या आसपास करार झाले. तो कार्यक्रम बंद पडला आणि लगेच, इतिहासात पहिल्यांदा, अमेरिका खंडातल्या देशांवरही मर्यादा आली. पुढे १९७६मध्ये मेक्सिकोला इतर देशांसारखीच वर्षाला वीस हजारांची मर्यादा लागली. शेतं तीच, माणसं तीच, टोमॅटो तोडायला लागणारे हात तेवढेच. काल जो करारावरचा मजूर होता तो आज बेकायदेशीर ठरला. ज्या कायद्याने आपल्याला रांग मिळाली, त्याच कायद्याने त्यांची रांग गेली. आजही फारसं शिक्षण नसलेल्या कामगाराला ग्रीन कार्डसाठी रांग म्हणावी अशी जागाच नाही. अख्ख्या जगासाठी वर्षाला दहा हजारांच्या आत परवाने आहेत. आमच्या शेजारच्या घराचं छप्पर ज्यांनी भर उन्हात घातलं, त्यांनी नक्की कोणत्या रांगेत उभं राहायला हवं होतं?

आणि आपली रांग? १९९०च्या कायद्याने एच-वनबीला, म्हणजे कुशल कामगारांच्या तात्पुरत्या व्हिसाला, आजचं रूप आलं आणि नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला १ लाख ४० हजार ठरली, बायकामुलं धरून. कोणत्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांहून जास्त नाहीत. देशावरून भेद नको म्हणून सगळ्यांना सारखी मर्यादा, हा मूळ हेतू भला होता. पण आइसलँडला जेवढी तेवढीच भारताला म्हटल्यावर व्हायचं ते झालं. दहा लाखांहून अधिक भारतीय अडकले आहेत. २०२५च्या सरत्या महिन्यांत ईबी-टू या उच्चशिक्षितांच्या गटात ज्यांचा नंबर लागत होता त्यांचे अर्ज २०१३च्या सुरुवातीचे होते. आमच्या ओळखीच्या घरांत महिन्याच्या मध्याला, कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन आलं की फोन सुरू होतात. ‘किती सरकली?’ ‘दोन आठवडे.’ कधी ‘अहो, मागे गेली!’ तारीख मागेही जाते, हे भारतातल्या नातेवाइकांना समजावून सांगणं महाकठीण.

मोठी माणसं कशीबशी काढतात. जीव तुटतो तो मुलांसाठी. आमच्या ओळखीतली एक मुलगी बालवाडीच्या वयात आली. शाळेत रोज सकाळी छातीवर हात ठेवून झेंड्याला प्रतिज्ञा म्हणत वाढली. गणपतीत लेझीम शिकवते. आईवडिलांची तारीख यायच्या आत ती एकवीस वर्षांची होतेय, म्हणजे त्यांच्या अर्जातून तिचं नाव गळणार. मग तिने परदेशी विद्यार्थिनीचा व्हिसा घ्यायचा, शिक्षण संपल्यावर एच-वनच्या लॉटरीत नाव टाकायचं आणि लागलंच तर स्वतःच्या नावाने पुन्हा शेवटी उभं राहायचं. तिची आई मला विचारत होती, ‘ताई, हिला मी कोणत्या तोंडाने सांगू की तू इथली नाहीस?’ मला उत्तर सुचलं नाही. त्यात २० जानेवारी २०२५ला निघालेल्या अध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाने, एच-वनवर असलेल्या आईवडिलांच्या इथे जन्मणाऱ्या बाळालाही नागरिकत्व नाही असं म्हटलं. न्यायालयांनी तो रोखून धरला, कारण इथे जन्मला तो इथला हे १८९८मध्ये वाँग किम आर्क नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चिनी स्वयंपाक्याने लढून मिळवून ठेवलं आहे. चिनी बंदीच्या ऐन काळात त्याने ती लढाई जिंकली, आणि न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मराठी बाळंतिणी आज त्याच्या जिवावर निश्चिंत आहेत.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मी गिरगावात वाढले. बाहेरून लोक आले की आमच्या नोकऱ्या, आमची भाषा, आमची घरं जातात, हे मी चाळीच्या गॅलरीत लहानपणापासून ऐकत आले, आणि बोलणारी माणसं माझी होती, गिरण्या बंद पडल्याने हातचं काम गेलेली होती. त्यामुळे ओहायोतला कामगार असं बोलतो तेव्हा त्याला वंशवादी म्हणून मोकळं व्हावंसं मला वाटत नाही. १९८०मध्ये क्युबाहून सव्वा लाख माणसं बोटींनी फ्लोरिडात उतरली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी अभ्यास करून सांगितलं की मायामीतल्या मजुरीवर त्याचा जवळजवळ परिणाम झाला नाही. जॉर्ज बोर्हास, जे स्वतः क्युबाहून आलेले, म्हणतात की शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी घसरली. हा वाद अजून मिटलेला नाही. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१६च्या अहवालाने म्हटलं, की दीर्घकाळात एकूण मजुरीवर परिणाम थोडा. पहिल्या पिढीच्या मुलांच्या शाळांचा भार राज्यांवर पडतो, पण तीच मुलं पुढे सरकारी तिजोरीत सर्वांत जास्त घालणाऱ्यांत असतात. एच-वनचाही गैरवापर झाला आहे. जाणाऱ्या अमेरिकन कर्मचाऱ्याने जाण्यापूर्वी येणाऱ्याला काम शिकवायचं, हे घडलं आहे, आणि ते अपमानास्पद होतं. पण त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०२५मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसवला, त्याने तो अपमान भरून निघत नाही. येणारा माणूस एका मालकाला बांधलेला असतो, हे खरं दुखणं आहे. त्याला बिनधास्त नोकरी बदलता आली तर त्याला स्वस्तात राबवता येणार नाही आणि इथल्या माणसाच्या पोटावरही पाय येणार नाही.

आपल्या संघटनांचा सगळा जोर सात टक्क्यांची अट काढण्यावर असतो. २०१९मध्ये प्रतिनिधिगृहात ते विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूरही झालं, २०२०च्या शेवटी सिनेटने आपलं वेगळं रूप मंजूर केलं आणि दोन्हींचा मेळ बसायच्या आत सत्र संपलं. ती अट जावी असं मलाही वाटतं. पण जागा न वाढवता नुसती अट काढली तर काही वर्षं बहुतेक सगळी कार्डं आपल्याला मिळतील आणि इराणची परिचारिका किंवा नायजेरियाचा इंजिनिअर आपल्या मागे थिजून उभा राहील. आपल्याला जे झालं ते त्यांना करायचं?

५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकन लष्कराचं विमान हातापायांत बेड्या घातलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. पंजाब, हरियाणा, गुजरातचे बहुतेक. तिघं महाराष्ट्रातले होते. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी कुणीतरी लिहिलं, ‘बरं झालं, यांच्यामुळे आपलं नाव खराब होतं.’ मी बगाईंचं नाव लिहिलं, त्यांची हकीकत लिहिली. बऱ्याच जणांनी ती पहिल्यांदा वाचली.

या देशाच्या कायद्यात एक जुनं कलम आहे, नोंदणीचं. १९२९मध्ये ते आलं. अमुक तारखेच्या आधीपासून जो सतत इथे राहतो आहे, वर्तन चांगलं आहे, पण येण्याची नोंद सापडत नाही किंवा रीतसर नाही, त्याला फी भरून कायमचा रहिवासी होता यावं. पहिली तारीख होती ३ जून १९२१. कॅनडातून गुपचूप उतरलेले, बोटीवरून पळालेले कितीतरी युरोपीय या कलमाने रीतसर झाले, आणि त्यांच्या पणतवंडांना आज वाटतं की आपले पणजोबा रांगेतून आले. संसदेने ती तारीख वेळोवेळी पुढे सरकवली. शेवटची १९८६मध्ये, रेगन यांनी सही केलेल्या ज्या कायद्याने २७ लाख लोकांना कागद दिले त्यातच. तेव्हा ठरलेली तारीख आहे १ जानेवारी १९७२. ती आजही तीच आहे.

२०२२मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधी झो लॉफग्रेन यांनी विधेयक आणलं, की निश्चित तारीख काढून टाका आणि सलग सात वर्षं राहिलेल्या कुणालाही अर्ज करू द्या. ते पुढे गेलं नाही. पण त्यात छप्पर घालणारा माणूस बसतो, लेझीम शिकवणारी ती मुलगी बसते आणि २०१३पासून बुलेटिन वाचणारे तिचे आईवडीलही बसतात. पंडितांनी न्यायालयात जे मागितलं त्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही. आमच्या मंडळात दर वर्षी इमिग्रेशनचे वकील येऊन ईबी-टू, ईबी-थ्रीची माहिती देतात. या वेळी मी समितीला लिहिलं आहे, की त्यातला अर्धा तास या कलमासाठी ठेवा. आणि मतदार झालेल्या प्रत्येकाने आपापल्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन करून सात टक्क्यांच्या जोडीला ही तारीखही बदला असं सांगावं, यासाठी फोन नंबरांची यादी मी तयार करते आहे.